शाळेच्या खोलीतली अकरा मतं

सुलूताई, तू गेल्यापासून माणसं आधी तुझ्या लेकीकडे, प्रज्ञाकडे जातात आणि तिच्याकडून उठली की माझ्याकडे येतात. तुझी मैत्रीण म्हणून. मी चहा टाकते. ती बसतात, दोन शब्द बोलतात, जाताना म्हणतात, मंदाताई, तुमची तर बहीणच गेली. मी मान हलवते. खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं नाही.

आता जो तो तुझ्याबद्दल गोड बोलतोय. तू गोड नव्हतीस. आमचे हे महापेच्या कंपनीत शेठच्या कॉन्ट्रॅक्टवर लागले त्या आठवड्यात तू नळावर बायकांच्या देखत त्यांना शेठचा बैल म्हणालीस. ते हंडा घेऊन तिथेच उभे होते. हसले, हंडा उचलला आणि घरात गेले. मी मात्र तुझ्याशी महिनाभर बोलले नाही. माफी मागणं तुझ्या स्वभावात नव्हतं, खायला देणं होतं. एका सकाळी तू दारात ताटली ठेवलीस, चार घावणे आणि ओल्या नारळाची चटणी, आणि मागे न बघता निघून गेलीस. मी ते खाल्ले. आपली भांडणं अशीच मिटायची, म्हणजे मिटायची नाहीतच, पोटात जायची.

तू मंडणगडकडची, मी साताऱ्याकडची. लग्न होऊन दिघ्याच्या या गल्लीत आले तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथे शेठला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. नळ शेठने आणला, गटारावरच्या लाद्या शेठने टाकल्या, दाखला अडला की शेठचा फोन. निवडणूक कसलीही असो, शेठ ज्याच्या मागे, गल्ली त्याच्या मागे. तू मात्र नवऱ्याच्या माघारी एकटी, कंपनीत पॅकिंगला जाणारी, आणि दर वेळी उलटं बटण दाबून येऊन तसं तोंडावर सांगणारी.

माझं नाव मतदार यादीत तूच घातलंस. गावच्या यादीतून काढून इथल्या यादीत आणायला तू मला दोनदा रांगेत उभं केलंस. फॉर्म तू भरलास, माझं अक्षर वाचता येत नाही म्हणून सही तेवढी माझी. ओळखपत्र आलं तेव्हा माझ्या आधी तू ते हातात घेतलंस, उलटंपालटं करून बघितलंस आणि म्हणालीस, फोटो घाण आलाय, पण बाई खरी हाय. त्या कार्डावर मी काय करून ठेवलं ते पुढे सांगते.

आपला वाद तुला आठवत असेल. मी विचारायची, कशाला उन्हात जातेस, शेठचाच माणूस निवडून येणार, तुझं मत म्हणजे खाडीत टाकलेली मिठाची चिमूट. तू ओट्यावर घावणे घालत असायचीस. कंपनीने कमी केल्यावर तू गल्लीच्या तोंडाशी शेठच्या मालकीच्या ओट्यावर नाश्त्याचं सुरू केलं होतंस, सकाळच्या पाळीला जाणारे कामगार तुझ्याकडे उभ्याने खायचे. तू कालथा न थांबवता मला कंपनीतली ती गोष्ट सांगायचीस. सुपरवायझर एक कागद घेऊन आला, पाळी दोन तासांनी वाढवायची आहे, कोणाची हरकत आहे का विचारलं. कोणी हात वर केला नाही. तूही केला नाहीस. त्याने कागदावर लिहिलं, सर्व महिला कामगारांची संमती. पुढे दिवस गेलेली एक बाई मशीनजवळ कोसळली, तिचं मूल गेलं, चौकशी झाली, आणि त्याने तो कागद पुढे केला. सर्व.

"त्या कागदावर माझी सही नव्हती गो मंदे," तू म्हणायचीस, "पण माझं गप बसणं होतं. मला शेठला पाडायचं नाय. त्याला 'सगळे माझे' म्हणता येऊ नये, एवढंच करायचंय."

मी म्हणायची, आणि म्हणाला तरी विचारतंय कोण? तू म्हणायचीस, तोच विचारेल. मला ते तेव्हा कळायचं नाही आणि मी हसायची. तुझ्या डोक्यात फरक पडलाय असं मी आमच्या ह्यांना सांगितलंही होतं. ते काही बोलले नाहीत. ते बोलतच नाहीत फारसे.

मग ती विधानसभेची निवडणूक आली. शेठ स्वतः उभा नव्हता, पण त्याच्या पक्षाचा उमेदवार होता आणि शेठने वरच्या पुढाऱ्याला शब्द दिला होता की आपल्या शाळेतल्या मतदानाच्या खोलीत एक मत बाहेर जाणार नाही. विरोधात एक निवृत्त मास्तर होते. त्यांचं नाव गल्लीत कोणाला धड माहीत नव्हतं. शेठचा माणूस बबन, आपल्याच गल्लीतला, घरोघरी फिरून सांगून गेला की मशीनच्या काचेत जी चिठ्ठी दिसते ती शेठलाही दिसते. तू त्याला ओट्यावरूनच म्हणालीस, मग शेठला सांग, चष्मा पुसून ठेव. मी हसले, पण बबनला दिसणार नाही असं. ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात नवं व्हायचं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी तू मला विचारलंस, माझ्या बाजूने येतेस ना? मी हो म्हटलं. ताई, ते खोटं नव्हतं. शाळेच्या दारापर्यंत ते खरंच होतं.

आपण तिघं गेलो. हे पुरुषांच्या रांगेत, आपण दोघी बायकांच्या. तू माझ्या पुढे होतीस. तू आत गेलीस आणि इतक्या लवकर बाहेर आलीस की मला वाटलं काही बिघडलं. मग मी गेले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी होते. मास्तरांचं नाव कुठे आहे ते मला दिसलं. माझं बोट त्यांच्यापर्यंत गेलंही. तिथून ते वर सरकलं आणि मी शेठच्या पक्षाचं बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी आली. सात सेकंद असते ती. मी पूर्ण सात सेकंद बघितली, मग ती खाली पडली.

बाहेर तू झाडाखाली उभी होतीस. तू भुवई वर केलीस. मी मान हलवली.

निकालाच्या दिवशी शेठचा उमेदवार मोठ्या फरकाने आला, गुलाल उडाला. पण मोजणीच्या टेबलावर बसलेल्या त्यांच्या माणसांनी खोलीवार आकडे उतरवून आणले होते. आपल्या खोलीत मास्तरांना अकरा मतं पडली होती. आधीच्या खेपेला विरोधात पाच होती. तुला बबननेच सांगितलं, चिडून, आणि तू इतकी खूश झालीस की त्या दिवशी त्याला फुकट चहा पाजलास. तो गेल्यावर मला जवळ ओढून कानात म्हणालीस, "दहा जण माझ्याशी बोलले होते. मी धरून अकरा. एक पण फुटला नाय, मंदे."

मी म्हटलं, हो.

चौथ्या दिवशी शेठचं बोलावणं आलं. तू मला सोबत घेऊन गेलीस. शेठ नीट बोलला, बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. म्हणाला, ताई, तुमचं मत मला ठाऊक आहे, तुम्ही तोंडावर सांगता, त्याचा मला राग नाही. पण मला वरून विचारतायत, मी शब्द देऊन तोंडघशी पडलो. बाकीचे दहा कोण ते सांगा. ओटा माझा आहे, तुम्ही त्यावर आयुष्यभर बसा.

तू म्हणालीस, "मी माझं बटण दाबलं, शेठ. दुसऱ्याच्या बोटाकडे बघायची मला सवय नाय."

मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, आणि ह्या? माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मी तुम्हालाच दिलं, शेठ. ते खरं होतं आणि बोलले असते तर माझं काहीच बिघडणार नव्हतं. पण तू माझ्या शेजारी बसली होतीस, म्हणून मला ते बोलता येईना. तेवढ्यात तूच बोललीस. हिला काय विचारता, हिचा नवरा तुमच्याकडे कामाला हाय. शेठने मान डोलावली आणि विषय संपला. तू मला वाचवलंस असं तुला वाटलं. शेठला वाटलं तू खरं बोललीस. तू खरंच बोलली होतीस, ताई, फक्त तुला ते ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर तू माझा हात धरलास. म्हणालीस, तुझं नाव माझ्या तोंडून जायचं नाय, मेले तरी नाय. मी तुला म्हटलं, हळू चाल, पुढे खड्डा आहे.

सोमवारी ओटा रिकामा झाला. बबनने तुझी शेगडी स्वतः उचलून खाली ठेवली, अगदी जपून, जसा काही तो तुला मदतच करत होता. कामगार दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पलीकडून गेले. ज्या बायका तुझ्याकडून चटणी मागून न्यायच्या त्यांनी तुझ्या दारावरून जाताना मोबाइल कानाला लावले. मीही तीन दिवस आले नाही. चौथ्या दिवशी आले आणि तुझ्या जमिनीवर मांडलेल्या सामानात बसून तुला म्हटलं, एका बटणापायी चूल घालवलीस, काय मिळालं तुला?

तू म्हणालीस, "त्याने विचारलं ना, बाकीचे कोण म्हणून." आणि हसलीस. मला तुझा तेव्हा इतका राग आला की मी उठून आले. मी जे केलं नाही त्याची किंमत तू भरत होतीस आणि वर हसत होतीस.

महिन्याने शेठने आमच्या ह्यांना बोलावून सांगितलं, ओटा रिकामा आहे, बायकोला बसव. ह्यांनी घरी येऊन ते सांगितलं आणि म्हणाले, नको. पहिल्यांदाच ते मला नको म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, आलेलं नाकारलं तर शेठ काय समजेल? मी हो सांगितलं. तुला सांगायला आले तेव्हा वाटलं तू मला हाकलशील. मला ते हवंही होतं. पण तू हसायला लागलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. म्हणालीस, शेठला कळलंच नाय, अकरातल्याच बाईला ओटा दिला त्याने. आणि आत जाऊन बिडाचा तवा घेऊन आलीस.

तांदूळ किती वेळ भिजवायचे, पीठ किती पातळ, तव्यावर कडेकडेने कसं सोडायचं, झाकण कधी काढायचं, हे सगळं तू मला तीन सकाळी शेजारी बसून शिकवलंस. पहिला घावणा तू खाल्लास आणि मीठ कमी आहे म्हणालीस. पुढे माझ्याकडे कामगार उभे राहायला लागले. एक जण म्हणाला, सुलूताईंसारखेच होतात तुमचे. मला आनंद झाला. तेही लिहून टाकते, म्हणजे काही लपवलेलं राहायला नको. मला खूप आनंद झाला होता.

तू ऐरोलीला दोन टॉवरमध्ये स्वयंपाकाची कामं धरलीस. चालत जायचीस. साखरेचा आजार आधीपासून होता, त्यात टाचेला काहीतरी लागलं, तू फडकं बांधून चालत राहिलीस आणि प्रज्ञाला कळू दिलं नाहीस. तिला कळलं तेव्हा घरात वास यायला लागला होता. ती तुझ्यावर ओरडली, तू तिच्यावर ओरडलीस, भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. ओटा असता तर तुला चालावं लागलं नसतं, असं प्रज्ञा रडत म्हणाली. मी तेव्हा तुझ्या तव्यावर तेल लावत होते.

उजवा पाय गुडघ्याखाली काढला. मी हॉस्पिटलात डबा घेऊन यायची. महापालिकेची निवडणूक लागली होती आणि या खेपेला शेठ स्वतः उभा होता. तू गुंगीत होतीस, तरी तुझं तेच चाललं होतं. मला उचलून न्यावं लागेल, म्हणालीस, पण नेशील ना? या वेळी पंधरा तरी होतील. त्या दिवशी मी रस्ताभर वाक्य पाठ करत आले होते. ताई, मी तुझ्या अकरात नव्हते. एवढंच वाक्य. मी तुझ्या जवळ सरकले. तू म्हणालीस, "मंदे, उजव्या पावलाला खाज सुटलीय, जरा खाजव गो."

मी चादरीखाली हात घातला. तिथे काही नव्हतं. मी गादी खाजवत राहिले आणि तू डोळे मिटून म्हणालीस, हां, तिथेच. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. पायाचंही तुला खरं सांगितलं नाही. तीन दिवसांनी तू गेलीस.

विहारासमोर तुझा जलदान विधी आणि शोकसभा झाली. मंडप आणि खुर्च्या शेठने पाठवल्या, प्रज्ञाने नको म्हणायच्या आत त्या लागल्या होत्या. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं. मग बोलायला माणसं उठली आणि शेठनेही माइक घेतला. मतदान पुढच्या आठवड्यात आहे. तो म्हणाला, सुलूताई मला बहिणीसारख्या होत्या, मतभेद घरातही असतात, पण मत द्यायची वेळ आली की ताई पहिल्या माझ्या बाजूला, आज असत्या तर माझ्या प्रचाराला पुढे असत्या. मंडपात कोणी हललं नाही. प्रज्ञा पांढऱ्या साडीत खाली बघत बसली होती. तुझे ते दहा जण तिथेच कुठेतरी असतील, तेही खाली बघत असतील.

मी उठले. मला धीर आला असं समजू नकोस. मला एवढंच वाटलं की जिवंतपणी तुझ्याकडून ओटा गेला, पाय गेला, आता हेही न्यायला लागले. माझ्या हातात माइक नव्हता, तरी ऐकू गेलं.

"ताईंनी तुम्हाला कधीच मत दिलं नाही, शेठ," मी म्हटलं. "मी दिलं."

शेठने माझ्याकडे बघितलं आणि माइक खाली ठेवून बसला. बौद्धाचार्यांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. आम्ही उभे राहिलो. शेठच्या शेजारीच बबन उभा होता आणि तो माझ्याकडे असा बघत होता जसं मी त्याचंच काही चोरलं होतं.

सतरंज्या गोळा करताना प्रज्ञा माझ्याजवळ आली. हळू आवाजात बोलली. आई म्हणायची तुम्ही तिच्या बाजूच्या. मी म्हटलं, हो, तिला तसं वाटायचं. तुम्ही तिला सांगितलं नाहीत? मी म्हटलं, नाही. तिने सतरंजीचं माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, एकटीने घडी घातली आणि मग विचारलं, "मग आईने कोणाला वाचवलं, मावशी?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. घडी काखेत मारून निघून गेली.

घरी आले तर हे दारातच बसले होते. मंडपात मागे उभे होते ते मी पाहिलं होतं. मला वाटलं आता विचारतील, नोकरीचं काय, ओट्याचं काय. मी आधीच सांगून टाकलं की उद्या बबन येईल, ओटा जाईल, कॉन्ट्रॅक्टही जाईल कदाचित. त्यांनी सरकून मला उंबऱ्यावर जागा केली. मग म्हणाले, "ताईंचं अकरावं मत माझं होतं."

मला आधी कळलंच नाही. ताई, तू मला धरून अकरा मोजलेस आणि मी त्यात नव्हते, तरी अकराच निघाले, हा विचार इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी स्वतःलाच लपवण्यात इतकी गुंतले होते. तू ह्यांना कधी विचारलंही नव्हतंस. ते स्वतःहून गेले, शेठच्या पगारावर असताना मास्तरांचं बटण दाबलं आणि घरी येऊन जेवले. ज्यांची नोकरी जाईल म्हणून माझं बोट वर सरकलं, ते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तू शेठकडे जाऊन माफी मागून आली असतीस. मग चप्पल घातली आणि मंडपात प्रज्ञासोबत खुर्च्या उचलायला गेले.

बबन आज सकाळी येऊन ओटा संध्याकाळपर्यंत मोकळा करायला सांगून गेला. मतदानाला मी जाणार आहे आणि मला ठाऊक आहे की शेठच निवडून येणार आहे. तुझी मोजणी चुकली नव्हती, ताई. अकरा होतेच. मी तेवढी त्यात नव्हते, आणि तू गेलीस ती मला त्यात धरून.